बाळंतपणाला आलेल्या कर्णिक मॅडम

आई बाळंतपणाला येणार म्हटल्यावर मृणालने मनात जे जे धरलं होतं, त्यातलं कर्णिक मॅडमना काहीही येत नव्हतं. डिंकाचे लाडू त्यांनी पुण्याहून विकत आणले होते आणि ते विकतचे आहेत, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. बाळाला तेल लावायची वेळ आली की कोणीतरी हातात गळकी शाईची बाटली दिल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. अंगाई त्यांना एकच यायची, तीही अर्धी. बाळाला त्या ‘लाभार्थी’ म्हणायच्या. सकाळी चष्मा लावून खोलीत यायच्या, लाभार्थी उठले का असं विचारायच्या आणि उठले असतील तर त्याला उचलून काखेत असं धरायच्या, की आता याच्यावर साहेबांची सही घ्यायला निघाल्यात.

मृणाल माझी ऑफिसातली मैत्रीण. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिचं दुसऱ्या. तिची आई पुण्यातल्या एका विद्यापीठात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही, कारण माझं मायग्रेशन सर्टिफिकेट अजून तिथेच पडून आहे. परदेशी जाणाऱ्या मुलांना गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती, सीलबंद पाकिटं, पडताळणीची पत्रं देणारा जो विभाग असतो, त्यात त्या कारकून म्हणून चिकटल्या आणि अधीक्षक म्हणून बाहेर पडल्या. खिडकीच्या आत बसलेली जी बाई आपण तरुणपणी शिव्या घालण्यासाठी राखून ठेवलेली असते, ती ही.

त्या फेब्रुवारीत आल्या. मार्चमध्ये बाळ झालं आणि त्याच आठवड्यात सगळं बंद झालं. शाळा, ऑफिसं, हॉटेलं, मग विमानं. मॅडमचं मे महिन्याचं परतीचं तिकीट रद्द झालं. त्यांचे यजमान पुण्यात एकटे. ते रोज दुपारी फोन करून वरणाला फोडणी आधी की नंतर, असलं काहीतरी विचारायचे, आणि मॅडम त्यांना टप्प्याटप्प्याने, एक-दोन-तीन असे आकडे घालून सांगायच्या. शेवटी विचारायच्या, “लिहून घेतलंत ना?” घेतलेलं नसायचं.

पहिल्या भेटीत मी त्यांना मावशी म्हटलं. त्यांनी मला तिथेच थांबवलं. मावशी आमच्याकडे चहा आणायच्या आणि फरशी पुसायच्या, त्या फार चांगल्या होत्या, पण मी ती नव्हे, असं म्हणाल्या. तेव्हापासून त्या आम्हा सगळ्यांच्या मॅडम. मृणालचा नवराही सासूला मॅडमच म्हणायचा, आणि मला वाटतं त्यालाही ते सोयीचं पडत होतं.

इथे बाळ झालं की आठवडाभर घरी नर्स येते. क्रामझोर्ग म्हणतात या सोयीला. ही नर्स बाळाचं वजन, ताप, किती वेळा प्यायलं, किती वेळा शी झाली, सगळं एका वहीत लिहिते. मृणालच्या घरात आल्यापासून मॅडमना पसंत पडलेली पहिली व्यक्ती म्हणजे ही नर्स. या घरात कामाचं प्रशिक्षण घेतलेली ही एकटीच आहे, असं त्या मृणालच्या देखत म्हणाल्या. नर्स गेल्यावर ती वही मॅडमनी ताब्यात घेतली आणि पुढे चार महिने निळ्या शाईत चालवली. मी ती पाहिली आहे. ‘शी’च्या रकान्यात एखाद्या दिवशी काही झालं नसेल तर तिथे ‘निरंक’ लिहिलेलं असायचं, खाली सही.

त्यांच्या हातून सगळ्यात मोठा घोळ झाला तो त्यांचा इथल्या गेमेंटेवर, म्हणजे नगरपालिकेवर, विश्वास बसेना म्हणून. जावई बाळाची नोंद करायला गेला आणि वीस मिनिटांत परत आला. मॅडमना ते पटेचना. किती प्रती दिल्या, राजपत्रित अधिकाऱ्याची सही कुणाची घेतली, असं त्या विचारत राहिल्या. कुणीच काही मागितलं नाही, नुसतं अभिनंदन केलं, असं तो म्हणाला, तेव्हा मॅडमनी मृणालच्या नकळत सगळ्या कागदांचा दुसरा संच एका पाकिटात घालून, वर जावक क्रमांक टाकून नगरपालिकेला पोस्टाने पाठवून दिला. पंधरा दिवसांनी तिकडून पत्र आलं, की आपल्या मुलाची नोंद झालेली आहे, तरी आपण दुसऱ्या मुलाची नोंद करू इच्छिता का. मॅडम म्हणाल्या, बघा, उत्तर तर आलं.

आमच्याकडे प्रिंटर होता, म्हणून माझा त्यांच्याशी संबंध वाढला. त्या दिवसांत प्रिंटर असलेल्या घराला आमच्या ओळखीत फार मान होता. एकदा मृणालच्या नवऱ्याचा मावसभाऊ नचिकेत, जो डेल्फ्टला शिकत होता आणि डेन्मार्कला पीएचडीसाठी अर्ज करत होता, त्याने आपलं मोटिव्हेशन लेटर मृणालकडे वाचायला पाठवलं. मृणालला झोप नव्हती, तिने आईकडे दिलं. मॅडमना स्क्रीनवर वाचता येत नसे, म्हणून ते माझ्याकडे छापायला आलं. छापून झाल्यावर मॅडम माझ्या स्वयंपाकघराच्या दारात, दीड मीटर अंतर राखून, उभ्याउभ्याच वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांनी माझ्या मुलीचं लाल पेन मागितलं.

पहिल्या परिच्छेदात नचिकेतला लहानपणापासून यंत्रांची पॅशन होती. मॅडमनी ते वाक्य खोडलं आणि मला विचारलं, हा काही आजार आहे का, प्रत्येकाला लहानपणापासूनच कसा असतो. मग त्यांनी नचिकेतला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तो बिचारा डेल्फ्टच्या आपल्या खोलीत पायजम्यात बसला होता.

“हे बघ,” मॅडम म्हणाल्या, “अर्ज वाचणारा माणूस नुकताच जेवून बसलेला असतो. त्याच्या टेबलावर तुझ्यासारखे दोनशे असतात. त्याला झोप येत असते. तू काय केलंस, कुठे केलंस, आणि आता काय मागतोस, एवढं सांग आणि त्याला सोड.”

नचिकेतने भीत भीत विचारलं, की थोडी तरी कळकळ दिसायला नको का. मॅडम म्हणाल्या, कळकळ पाकिटावरच्या पत्त्यात दिसते, नीट लिहिलेला असला तर. त्याचं पत्र दोन पानांवरून पाऊण पानावर आलं. मेमध्ये त्याला डेन्मार्क मिळालं. त्याचं श्रेय त्याच्या अभ्यासाला असणार, पण त्याने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅडमचं नाव टाकलं, आणि मग आमच्या इमारतीखाली सायकली यायला लागल्या.

घरात कुणाला घेता येत नव्हतं, बाळ लहान. मॅडमनी बाल्कनीतून काम सुरू केलं. मृणालच्या सायकलची पुढची टोपली त्यांनी काढली, तिला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि दुसऱ्या मजल्यावरून ती खाली सोडली. वेळ सकाळी अकरा ते एक, लाभार्थी झोपलेले असताना. खाली आलेल्या मुलाने कागद टोपलीत टाकायचे, मॅडम वर ओढून घ्यायच्या, आणि मग रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या मुलाची चौकशी व्हायची. ही चौकशी सगळ्या गल्लीला ऐकू जायची.

एकदा एनस्खेडेहून रेल्वेने सायकल घेऊन आलेला एक मुलगा, स्वित्झर्लंडला अर्ज करणारा, खाली उभा होता. मॅडमनी विचारलं, बॅकलॉग किती, म्हणजे किती विषय राहिले होते. तो पुटपुटला. ऐकू येत नाही म्हणाल्या. त्याने थोडं मोठ्याने सांगितलं. तरी ऐकू आलं नाही. शेवटी त्याने तोंडावरचा मास्क खाली ओढून, बोटं वर करून “तीन” असं ओरडून सांगितलं. त्याच वेळी समोरच्या घरातली डच बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. तिने त्याच्याकडे बघून मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात माझ्याकडे चौकशी केली, की दुसऱ्या मजल्यावरच्या आजी टोपलीतून अंडी काय भावाने देतात, आणि एका वेळी तीनच्या वर मिळतात का.

मॅडम कुणाशी गोड बोलत नसत. ज्याचे कागद अर्धवट असतील त्याची टोपली तशीच खाली यायची. पण मी एक पाहिलं, की कोणाचेही कागद त्यांनी न वाचता परत केले नाहीत. मला त्याचं आश्चर्य वाटलं, कारण माझ्या वेळी त्यांच्या विभागात असं काही घडल्याचं मला आठवत नव्हतं. मी तसं एकदा बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, तिथे मला त्याचा पगार मिळत होता, इथे वेळ मिळतोय.

या सायकलींमध्ये एक निळी सायकल होती. ती ऋताची. ऋता आणि तिचा नवरा समीर दोन रस्ते पलीकडे राहायचे. समीर आयटीत, सात वर्षं झाली होती त्यांना इथे. ऋता मायक्रोबायोलॉजीची पदवीधर, लग्नाआधी सांगली जिल्ह्यात एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम केलेली. इथे आल्यावर डच शिकली, एका गोदामात काही महिने खोकी भरली, आणि मग बरीच वर्षं लोकांनी विचारलं की “सध्या घरीच” म्हणायची. ती तीन वेळा बाल्कनीखाली आली, बाळाची चौकशी केली, हवा छान आहे म्हणाली आणि गेली. चौथ्यांदा आली तेव्हा मॅडमनी टोपली आधीच खाली सोडून ठेवली होती. ऋताने बराच वेळ त्या टोपलीकडे बघितलं आणि मग पर्समधून कागद काढले.

तिला बेल्जियममधल्या एका विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचं एमएससी करायचं होतं. नेदरलँड्समधल्या अभ्यासक्रमांची मुदत संपली होती, आणि फी पाहून तिने ते पान पुन्हा उघडलंच नव्हतं. बेल्जियमने महामारीमुळे त्या वर्षी मुदत वाढवली होती. तिथेही युरोपातल्या लोकांना एक फी आणि आपल्याला दुसरी, दुसरी पहिल्याच्या कित्येक पट. पण इथल्यापेक्षा कमी. समीरला तो फरकच मान्य नव्हता. आपण इथे सात वर्षं कर भरतोय, असं तो म्हणायचा. मॅडमनी त्याला सांगितलं, की कर तुम्ही हॉलंडला भरता आणि शिकायला बेल्जियमला जाता, त्यांनी तुमचं काय म्हणून ऐकावं.

पैसे होते, हे मला सांगितलं पाहिजे. पुण्यात वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा म्हणून त्या दोघांनी साठवलेले होते. समीरच्या आईवडिलांनी फ्लॅट बघूनही ठेवला होता, सहाव्या मजल्यावर, पूर्वेला तोंड. ऋताची फी म्हणजे तो फ्लॅट गेला, निदान काही वर्षांसाठी.

दुसरी अडचण ऋताच्या गुणपत्रकात होती. दुसऱ्या वर्षाला ती नापास झालेली होती. एक वर्ष गेलं होतं. नंतर सगळं पहिल्या वर्गात, पण गुणपत्रकावर दुसऱ्या प्रयत्नाची खूण होती. आणि पदवी मॅडमच्याच विद्यापीठाची.

जूनमध्ये घरी दोनतीन पाहुणे चालतील असा नियम आला, तेव्हा एका शनिवारी दुपारी ती दोघं मृणालकडे आली. मीही होते, छापलेले कागद घेऊन गेले होते. चहा झाल्यावर समीरने फार अदबीने विषय काढला. मॅडमच्या विभागात आता त्यांच्या हाताखालचे शिंदे आहेत, असं त्याने ऐकलं होतं. शिंद्यांनी जर सगळ्या वर्षांचं मिळून एकच पत्रक दिलं, आणि त्यात ती खूण नसली, तर खोटं असं काहीच होणार नाही, मार्क तर तेच राहतील. ऋता खाली बघत होती. तिला हे आवडलं नव्हतं, पण ती काही म्हणाली नाही. म्हणजे तिलाही ते हवंच होतं.

मॅडम बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, असं करता येतं. शिंदे करतील. मीच शिंद्यांना शिकवलंय ते.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या भावाचा मुलगा, अमोल. इंजिनिअरिंगला दोन विषय राहिले होते त्याचे. जर्मनीला जायचं होतं. भावाने बहिणीला विचारलं, बहिणीने केलं. दोन खुणा काढल्या, तेवढंच. अमोल गेला, दीड वर्ष तिथे शिकला, चांगला शिकला. आणि मग तिकडून पडताळणीचं पत्र आलं. ते टपालात फिरत फिरत बरोबर मॅडमच्या टेबलावर आलं, त्यांच्याच आवक रजिस्टरात त्यांनीच त्याची नोंद केली. गुण आणि प्रयत्न खरे आहेत का, एवढंच विचारलं होतं. होय म्हणून सही केली असती तर संपलं असतं.

“तीन दिवस ठेवलं मी ते पत्र,” मॅडम म्हणाल्या. “पहिल्यांदा लिहिताना मला वाटलं होतं, मी मदत करतेय. दुसऱ्यांदा तसं वाटेना. मग जे होतं ते लिहिलं, आणि कुलसचिवांना वेगळा कागद लिहिला की हे मी केलं.”

अमोलला परत यावं लागलं. मॅडमची वेतनवाढ थांबली आणि आठ महिने त्यांची बदली जुन्या उत्तरपत्रिकांच्या गोदामात झाली. तिथे उंदीर होते, पण माणसं नव्हती, त्यामुळे काम बरं झालं, असं त्या म्हणाल्या. अमोलचं पुढे बरं चाललं, सोलरचा धंदा आहे. भाऊ मात्र तेव्हापासून बोलत नाही.

मृणालने हातातला कप खाली ठेवला. मामा बोलत नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ते पनवेलच्या जमिनीवरून, अशी तिची समजूत होती. मॅडमनी तिच्याकडे बघून सांगितलं, की जमिनीचं तुझ्या बाबांनी सुचवलं, ते सांगायला सोपं होतं. आणि मग, कुणी काही बोलायच्या आत, बाळाचा लंगोट ओला झाल्याचं जाहीर करून त्या आत गेल्या.

समीरने पुन्हा तो विषय काढला नाही. मॅडमनी मात्र सोमवारी शिंद्यांना फोन केला. पुण्यात तेव्हा ऑफिसला मोजकीच माणसं जात होती. शिंद्यांनी घराबाहेर पडायला पोलिसांचा पास लागेल, रिक्षा नाही, साहेब नाहीत, असं सगळं ऐकवलं. मॅडमनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पास काढा. चौथ्या दिवशी ऑफिसच्या ईमेलवरून ऋताचं सगळं पत्रक आलं, खूण होती तिथेच.

पत्र लिहायला ऋता माझ्याकडे बसायची, कारण प्रिंटर. तिने आधी लिहिलं, की काही अपरिहार्य वैयक्तिक परिस्थितीमुळे दुसऱ्या वर्षी तिच्या शैक्षणिक प्रगतीत खंड पडला. मॅडमनी विचारलं, कोण वारलं होतं का. नाही, ऋता म्हणाली. मग काय झालं होतं? त्या वर्षी ती जिल्ह्याच्या खो-खो संघात होती. सराव, सामने, बाहेरगावचे दौरे. मॅडमना हे फार आवडलं. मग त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, की नापास व्हायला तेवढंच कारण होतं का. ऋता म्हणाली, अर्धं. उरलेल्या वेळातही मी अभ्यास करत नव्हते.

“मग दोन्ही लिही,” मॅडम म्हणाल्या. “एक ओळ खो-खोला, एक ओळ तुला.”

माझा याला विरोध होता. मी या देशात पंधरा वर्षं नोकरी करते, मला वाटलं असं कुणी लिहीत नाही. ऋताने लिहिलं. अर्धं पान तिच्या डेअरीच्या कामावर होतं, तेही मॅडमनीच काढून घेतलेलं. सकाळी दुधाचे टँकर आले की ऋता नमुने तपासायची, स्टार्च, युरिया, पाणी. टँकरवाला दारात उभा असायचा आणि तिने मान हलवली की टँकर परत जायचा. एवढ्या अधिकाराची बाई होतीस तू, मॅडम म्हणाल्या, आणि हे सांगायच्या ऐवजी दूध हे पूर्णान्न आहे असं काय लिहितेस.

ऑनलाइन मुलाखत आली, तीही माझ्याच घरी झाली. मॅडम कॅमेऱ्याच्या बाहेर स्टुलावर बसल्या, गप्प बसायच्या अटीवर. पलीकडे पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका होत्या. त्यांनी तिसऱ्याच मिनिटाला विचारलं, हे खो-खो म्हणजे काय. ऋताने सांगायला सुरुवात केली, पण आठ जण एकाआड एक उलट तोंडं करून बसतात हे त्यांना कळेना. म्हणून ऋता उठली आणि माझ्या दिवाणखान्यात उकिडवी बसून दाखवू लागली. कॅमेऱ्यात फक्त तिची वेणी दिसत होती. मॅडमनी तोंडावर पदर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. त्यानंतर प्राध्यापिकाबाईंनी दुधाबद्दल अर्धा तास विचारलं. ऋता न अडखळता बोलत होती. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती मिळाली नाही. पत्राबरोबर एक हमीपत्र होतं, विद्यार्थिनीचा खर्च आपण उचलू, असं कोणीतरी लिहून द्यायचं. कोणीतरी म्हणजे समीर. मॅडमनी ते त्याच्यापुढे ठेवलं. तो म्हणाला, विचार करून सांगतो. त्या म्हणाल्या, विचारासाठी यात रकाना नाहीये. तरी तो कागद घेऊन घरी गेला.

चार दिवस काही नाही. ऋता मला म्हणाली, मी त्याला विचारणार नाही. तो वाईट माणूस नाहीये, त्याचे आईवडील त्या फ्लॅटमध्ये आमच्यासाठी कपाटं कुठे करायची ते बोलतात रोज. ती हे रडत म्हणाली नाही. माझ्या खिडकीतून खाली बघत म्हणाली.

पाचव्या दिवशी अकरा वाजता समीर बाल्कनीखाली आला. एकटा, ऋताची निळी सायकल घेऊन. मी वरून बघत होते. मॅडमनी त्याला वर बोलावलं, तो नको म्हणाला. तो तिथेच उभा राहिला आणि त्याने विचारलं, रस्त्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “मॅडम, तिथेही नापास झाली तर?”

मॅडम कठड्यावर वाकल्या. “तर परत बसेल. फॉर्म मला भरता येतो.”

तो हसला नाही. पण त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टोपलीत ठेवला. मॅडमनी टोपली वर घेतली, चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि पुन्हा टोपलीत ठेवून खाली सोडला. सही होती, तारीख नव्हती. समीरने सायकलच्या सीटवर कागद ठेवून तारीख घातली.

ऋताचं पहिलं सत्र ऑनलाइनच झालं, झोपण्याच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर. एका विषयात ती काठावर सुटली आणि एकात वर्गात पहिली आली. आज ती एका चीज बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. वाकडचा फ्लॅट दुसऱ्या कोणी घेतला. समीरच्या आईने दोन दिवाळ्या ऋताला फोन केला नाही, तिसऱ्या दिवाळीला चीज पाठवायला सांगितलं. ही दोघं अजून भाड्याच्याच घरात राहतात.

मॅडम जुलैत गेल्या. भारतात माणसं परत न्यायला खास विमानं सुटत होती, त्यातल्या एकात जागा मिळाली. मॅडमना स्खिपोल विमानतळावर सोडायला मी गाडी काढली, मृणाल बरोबर आली. जावई घरी बाळाजवळ राहिला. निघताना मॅडमनी बाळाला उचललं, या वेळी नीट, दोन्ही हातांनी, आणि त्याच्या कानात काहीतरी बोलल्या. काय, ते आम्हाला कळलं नाही.

तिथे पोचल्यावर मला कळलं, की त्यांनी व्हीलचेअर मागवली आहे. मी घाबरून विचारलं, पायाला काय झालं. त्या म्हणाल्या, काही नाही, पण व्हीलचेअरवाल्यांना रांग नसते. मी त्यांना त्या शनिवारच्या दुपारची, अमोलच्या गोष्टीची, आठवण करून देणार होते, पण मृणालने माझा हात दाबला.

आत फक्त प्रवाशांना सोडत होते. आम्ही तिघी काचेबाहेर उभ्या राहिलो. व्हीलचेअर घेऊन एक सुरिनामी बाई आली, पन्नाशीची, मास्क लावलेली, पूर्वी सुरिनामला मजुरीला गेलेल्या भारतीयांच्या वंशातली. तिच्या त्या जुन्या वळणाच्या हिंदीत ती काहीतरी म्हणाली, आणि मॅडमनी आपल्या पुणेरी हिंदीत उत्तर दिलं. मृणाल रडत होती. मॅडमनी तिच्या गालाला हात लावला, मग हाताला सॅनिटायझर लावलं आणि खुर्चीत बसल्या. मांडीवर पर्स, पर्सवर कागदांचं प्लास्टिकचं फोल्डर, तोंडावर मास्क आणि त्यावर पारदर्शक ढाल. दोघी बोलत बोलत आत गेल्या. लिफ्टच्या दारापाशी खुर्चीचं पुढचं चाक फटीत अडकलं. त्या बाईने दोनदा जोर लावून पाहिला. तेव्हा मॅडम उठल्या, फोल्डर काखेत मारलं, वाकून खुर्चीची एक बाजू उचलली, दोघींनी मिळून ती आत नेली. मॅडमनी चाक फिरवून पाहिलं, पदर सावरला, आणि पुन्हा जाऊन आजाऱ्यासारख्या बसल्या. ती बाई इतकी हसली, की तिला लिफ्टचं बटण दाबायला सुचेना. ते मॅडमनीच दाबलं.